पान तीनवरचं कोपर

२ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. वही ऑफिसातली आहे, जुना हजेरीपट, पण ते फेकूनच देणार होते. पुढच्या पानांवर लोकांचे गैरहजर लिहिलेत. मी तसा नाही. मी रोज लिहिणार.

आधी माझी माहिती. वय चोवीस. शिक्षण नववीपर्यंत. घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर. इथल्या शाळा-मंडळाच्या माहिती विभागात नोकरी. चौदा सरकारी शाळा आमच्या ताब्यात. विभागात माणसं दोन, एक बाई आणि मी. म्हणजे मी दोन नंबरला. घरी "शिक्षण खात्यात आहे" असं सांगितलंय. त्यात खोटं काय?

काम: मंडळाचं वसंत पत्रक निघतं, त्याच्या घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे, व्हॅनमधून शाळाशाळांत पोचवायचे. नोकरी मेअखेरपर्यंत टेंपररी. सध्यापुरती.

४ मार्च

बाईंनी बोलावून घेतलं. (तोंडावर मॅडम. वहीत बातमीबाई, कारण पत्रकातल्या बातम्या त्याच लिहितात.) म्हणाल्या, भांडारात कायम जागा निघतेय, तुझा विचार करता येईल, पण आठवी पासचा दाखला लागेल. आहे? म्हटलं, होता, बदलीच्या गडबडीत हरवला. कोणाची बदली ते त्यांनी विचारलं नाही.

मग म्हणाल्या, तर मोठ्यांच्या परीक्षेला बस. अर्ज या वेळच्या पत्रकातच शेवटच्या पानावर खाली छापतोय. कात्रीने कापायचा, भरायचा, तीस एप्रिलला पाचच्या आत माझ्या टेबलावर. झेरॉक्स चालत नाही, लक्षात ठेव.

म्हणजे नववी झालेल्या माणसाने आठवीची परीक्षा द्यायची. शिसारी येते असल्या कारभाराची. पण देईन. कारण कायम झालं की घरच्या एकाला शाळा नंबर दोनमध्ये प्रवेश मिळतो. तिथे प्रयोगशाळा आहे, खरी, नळवाली. छोटी, माझी बहीण, आता नववीत आहे. जूनमध्ये तिला इथे आणतो.

लगेच फोन करून सांगून टाकलं. आई रडली. छोटी म्हणाली, दादा, आधी अर्ज भर. पोरीला घाई फार.

५ मार्च

अभ्यासाचं टाइमटेबल केलं. पहाटे पाच ते सहा गणित, सहा ते सात भाषा, संध्याकाळी इतिहास. तीन रंगांच्या पेनांनी आखलं. फार देखणं झालंय. खोलीतल्या बेकरीवाल्याने पाहून विचारलं, ट्रेनचं आहे का? अडाणी माणूस.

६ मार्च

उठायला आठ वाजले. बेकरीवाला कामावरून पहाटे येतो आणि घोरतो. त्याच्या घोरण्यात गणित होणं शक्य नाही. सोमवारपासून.

९ मार्च, सोमवार

आज फोटोचा कार्यक्रम असल्यामुळे अभ्यासाला सुट्टी.

शाळा नंबर सहात मंडळाच्या मोठ्या साहेबांच्या हस्ते झाड लावलं. पत्रकाच्या तिसऱ्या पानावर हाच फोटो जाणार. झाड सरळ धरायला भरवशाचा माणूस हवा होता, म्हणून मला नेलं. इस्त्रीचा शर्ट घातला. केसांना पाणी लावलं. खड्डा मीच खणला, झाड मीच आणलं, मीच धरलं. साहेबांनी फावड्याने माती उचलली, ती निम्मी माझ्या बुटात गेली. फोटोवाला मला तीनदा म्हणाला, जरा बाजूला. उजेडासाठी म्हणत असावा.

कार्यक्रम झाल्यावर साहेब फावडं माझ्या हातात देऊन म्हणाले, छान. मला उद्देशून.

शाळेविषयी लिहीत नाही. मुलांच्या नाकांविषयी तर नाहीच. अडीचशे मुलं, एक रुमाल नाही. एकाने माझ्या पँटला नाक पुसलं आणि मलाच सॉरी म्हणायला लावलं, मी दचकून ओरडलो म्हणून.

१२ मार्च

छोटीला फोन. तिचा अभ्यास तपासला. म्हटलं, अपूर्णांकांची बेरीज कशी करतात सांग बघू. तिने सांगितली. म्हटलं, अजून हळू सांग, म्हणजे तुझं पक्कं आहे का ते कळेल. तिने परत सांगितली, भाकरीच्या तुकड्यांवर. मधेच विचारते, कळलं का दादा? म्हटलं, तुला कळलंय का ते मी बघतोय. एकूण ठीक आहे पोरगी. छेद सारखे करून घ्यावे लागतात हे तिला माहीत आहे.

मलाही आता माहीत आहे. म्हणजे होतंच.

१७ मार्च

पत्रकं आली! नऊ हजार. एक मोठा कागद, मधून घडी, पानं चार.

आधी तिसरं पान पाहिलं. फोटोत साहेब, फावडं, झाड, मुख्याध्यापिका. आणि डाव्या कडेला मी. पूर्ण नाही, पण कोपर स्पष्ट आहे. इस्त्रीही दिसते.

बातमीबाई म्हणाल्या, तुझ्यासाठी एक प्रत वेगळी काढून ठेव, अर्ज आहे त्यात, विसरू नकोस. काढली. पण मग विचार केला, पहिली प्रत आईचीच. कोपराभोवती लाल पेनाने गोल केला, लिहिलं, "हा मी", आणि दुपारीच पोस्टात टाकली. अर्जाचं काय, खोलीभर प्रती आहेत. मी बसतोसुद्धा त्यांच्याच गठ्ठ्यावर.

२० मार्च

घडीचं मशीन बिघडलंय. सगळ्या घड्या हाताने, पट्टी फिरवून. अंगठ्याला फोड. मी आता डोळे मिटून घडी घालतो. वाचायची गरज पडत नाही.

तरी थोडं वाचलं. वीट आला. "शाळा क्र. सहाची बाग वसंतात बहरली." मी परवाच होतो तिथे. दोन टायर, एक वाळकं रोप आणि त्यावर एक मोजा. "शाळा क्र. नऊच्या छताचे काम प्रगतिपथावर." तिथे सहावीच्या वर्गात चार बादल्या आहेत, त्यातली एक बाईंच्या टेबलावर. "मुलांकडून नव्या पौष्टिक जेवणाचे उत्स्फूर्त स्वागत." उकडलेल्या कोबीचा तो वास गेटापासून येतो. एका मुलाने सगळा कोबी दप्तरात भरला, घरी नेऊन टाकायला. हे उत्स्फूर्त?

माणसाने इतकं खोटं कसं लिहावं? मला नसतं जमलं.

अभ्यास: फोड असल्यामुळे पेन धरता येत नाही.

२६ मार्च

वाटप सुरू. व्हॅनवर ड्रायव्हरमामा असतात. वय बावन्न. शाळा चौथीत सुटलेली, असं स्वतःच सांगतात, लाजही वाटत नाही. मी उतरून गठ्ठे देतो तोवर मामा स्टिअरिंगवर पुस्तक ठेवून वाचत बसतात. म्हटलं, मामा, या वयात कशाला डोळे फोडता? म्हणाले, मी अर्ज दिलाय ना, पहिल्याच आठवड्यात. तू दिलास? म्हटलं, माझं घड्या संपल्यावर आहे.

मग विचारतात, पाव अधिक एकतृतीयांश किती रे? म्हटलं, मामा, गाडी चालवताना बोलू नये.

खोलीवर आल्यावर केलं. आधी दोन सप्तमांश आलं. मग छेद सारखे करून बारावा भाग घेतला, भाकरी धरून. सात द्वादशांश. बरोबर असेल तर मला न शिकवताच आलं म्हणायचं.

२ एप्रिल

शाळा नंबर अकरा. टेकडीवर. सहाशे प्रती डोक्यावरून नेल्या. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, नको रे बाबा, मागच्या वेळच्याच संपल्या नाहीत. खरंच कपाटात होत्या. त्यांच्यावर मांजर व्यालं होतं.

एवढा संताप आला! नऊ हजार घड्या कोणासाठी घातल्या? मांजरासाठी?

परत आलो तर ऑफिसात रंगकाम. रंगारी म्हणाला, खाली अंथरायला काही आहे का? म्हटलं, घे. सहाशेच्या सहाशे दिल्या. माझ्या बसायचा गठ्ठाही दिला, तोही टोचायला लागला होता. बातमीबाई पन्नास प्रती रेकॉर्डला ठेव म्हणाल्या होत्या, पण रेकॉर्ड ठेवून कोणाचं भलं झालंय?

फार हलकं वाटलं. पत्रकाचं तोंड बघायला नको आता.

९ एप्रिल

छोटीचा फोन. अर्ज दिलास का दादा? म्हटलं, झाल्यातच जमा. म्हणाली, म्हणजे दिलास की नाही? म्हटलं, ऑफिसच्या गोष्टी तुला फोनवर कळायच्या नाहीत. मग तिने दशांश विचारले. म्हणजे मी तिला विचारले.

१५ एप्रिल

आईचा फोन. एवढी खूश मी तिला कधी ऐकली नाही. पत्रक पोचलं. तिसरं पान तिने पुठ्ठ्यावर खळीने चिकटवलं आणि पुठ्ठा भिंतीवर. येणाजाणाऱ्याला दाखवते. शेजारची काकू म्हणाली म्हणे, यात तुमचा मुलगा कुठाय? आईने कोपर दाखवलं. काकू म्हणाली, कोपर काय कोणाचंही असतं. आई म्हणाली, तुझ्या घरच्यांचं असेल कोणाचंही. माझ्या पोराचं मी ओळखते. सहा वर्षांचा असताना तिथेच फुटला होता, मीच बांधलंय ते.

छोटीने मधे फोन घेतला. म्हणाली, दादा, त्या कागदाच्या मागे काहीतरी फॉर्म होता. आईने चिकटवून टाकला. म्हटलं, असेल, मागच्या पानावर काहीबाही छापतात, तू लक्ष देऊ नकोस.

२७ एप्रिल, सोमवार

आज अर्ज भरायचा ठरवलं. मुद्दाम तीन दिवस आधी. मला शेवटच्या क्षणाची धावपळ आवडत नाही. नवं पेन आणलं.

प्रत नाही.

टेबलाखाली नाही, भांडारात नाही, व्हॅनमध्ये नाही. बातमीबाईंना विचारलं, मॅडम, एखादी प्रत असेल का? म्हणाल्या, रेकॉर्डच्या पन्नास तुझ्याकडेच आहेत की. म्हटलं, हो हो, तेच, मोजून बघत होतो.

रंगाऱ्याकडे गेलो. त्याच्या पायाखाली होत्या. निळ्या. एक जरा कोरी निघाली, पण अर्जाच्या चौकटीवर आख्ख्या बुटाचा ठसा. रंगारी म्हणाला, नऊ नंबरचा आहे. जसं काही मी बूट शोधत होतो.

२८ एप्रिल

ड्रायव्हरमामांना म्हटलं, चला, शाळांना अचानक भेट देऊ. मामांनी पुस्तक मिटलं. गाडी काढली.

शाळा नंबर एक: पत्रकांनी खिडक्या पुसून झाल्या. शिपाई म्हणाला, काच अशी निघते, पुढच्या वेळी जास्त पाठवा. शाळा नंबर चार: चित्रकलेच्या सरांनी सगळा गठ्ठा भिजवून लगदा केला, त्याचे मुखवटे. मला एक घालून दाखवला. गाढव होतं. शाळा नंबर पाचला मधल्या सुट्टीत विमानं उडत होती. एक पकडलं. ते पहिलं पान निघालं.

शाळा नंबर सहा. तिथे तर कहर. झाड त्यांच्या शाळेत लावलेलं, त्या अभिमानाने तिथल्या बाईंनी प्रत्येक मुलाला साहेबांचा फोटो कापायला लावला आणि व्हरांड्याच्या भिंतीवर ओळीने डकवला. दोनशे चाळीस साहेब. म्हणजे दोनशे चाळीस अर्जही, भिंतीकडे तोंड करून. अर्ज बरोबर फोटोच्या मागे छापलेला! ज्याने पानं लावली त्याला कोणी विचारत नाही. माझ्या हाताखाली असता तर दाखवलं असतं.

आडोशाचा एक साहेब नखाने सोडवायला घेतला. कान सुटला, तो दातात धरला. तेवढ्यात तिसरीतली एक पोरगी मोठ्याने ओरडली, बाई, हा माणूस साहेबांना खातोय!

दोनशे चाळीस कोपरंही होती तिथे. एकही उपयोगाचं नाही. उरलेल्या शाळांतले गठ्ठे कधीच रद्दीत गेलेले.

गाडीत मामा म्हणाले, अरे, मला आधी सांगायचंस. माझ्या घरची जास्तीची प्रत होती, परवाच नातवाने तिचा पतंग केला. म्हटलं, मी शाळा तपासायला गेलो होतो. म्हणाले, बरं.

२८ एप्रिल, संध्याकाळी ६

घरी फोन केला. म्हटलं, आई, तो पुठ्ठा भिंतीवरून काढ आणि मागचा कागद सुटा करून पाठव. आई म्हणाली, अजिबात नाही. म्हटलं, अगं, ऑफिसचं काम आहे. म्हणाली, ऑफिसकडे नऊ हजार आहेत म्हणालास ना? माझ्याकडे एकच आहे.

मग छोटीने फोन घेतला. तिला सांगावं लागलं. मग म्हणाली, दादा, फोन ठेव. मी बघते.

३० एप्रिल, ५ वाजून १० मिनिटं

पाच वाजून गेले. बातमीबाईंना सांगितलं, मॅडम, माझा अर्ज वाटेत आहे. म्हणाल्या, तू इथे, टेबल इथे, वाटेत कशाला? सगळं सांगितलं. रंगारी सोडून. त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, अर्जांचं पाकीट सोमवारी दुपारी दोनला जातं. तोवर आला तर मी आत सरकवते. पण तू कोणाला बोलायचं नाहीस.

बाई वाईट नाहीत. बातम्या तेवढ्या खोट्या.

३ मे

रविवार असून पाचला उठलो. गणित केलं. बेकरीवाला घोरत होता, तरी केलं. छोटीने फोनवर दिलेली बारा उदाहरणं, त्यातली नऊ बरोबर. हे मी तिला सांगितलं नाही. तपासणारा मी आहे.

४ मे, सोमवार

कुरिअर दीड वाजता आला. धावत जाऊन घेतलं. अंगठ्याने फोडलं.

अर्ज! छोटीने वाफेवर धरून पुठ्ठ्यापासून सोडवलेला. कडा पिवळ्या, खळीचा वास, पण आख्खा वाचता येत होता. भरूनसुद्धा पाठवला होता, तिच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, म्हणजे मला फक्त सही करायची. नाव बरोबर. वय बरोबर. शिक्षण: सहावी नापास.

सहावी नापास. मी शाळा सोडली तेव्हा ही पोर दोन-तीन वर्षांची होती. हिला कोणी सांगितलं? आणि माहीत होतं तर इतके दिवस मला अपूर्णांक तपासू का दिले?

पुढचा रकाना, अर्ज करण्याचे कारण. तिने लिहिलंय: "धाकट्या बहिणीचा अभ्यास घेतो, तो पुढच्या वर्गाचाही घेता यावा म्हणून."

दोनला दहा कमी होते. पेन काढलं आणि सहीची जागा शोधली. तिथे भोक होतं. बोराएवढं, नीट, कात्रीने गोल कापलेलं. बरोबर माझ्या लाल गोलावरून.

सोबत चिठ्ठी होती. "दादा, आई कागद सोडायलाच तयार नव्हती. शेवटी म्हणाली, ने, पण पोरगा माझा मला ठेव. मी नको नको म्हणेपर्यंत तिने कापला. सही शेजारी केलीस तर चालेल ना?"

सहीही शेजारी केली असती. पण त्याच चौकटीत ऑफिसचा शिक्काही लागतो. बातमीबाईंनी शिक्का उचलला, अर्ज उजेडाकडे धरला, भोकातून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, कुठे मारू? हवेत?

दोन वाजता पाकीट गेलं. त्यात अर्ज एकच, मामांचा.

७ मे

छोटीला फोन. म्हटलं, परीक्षेचं पुढच्या वर्षावर गेलं, इथे वरूनच काही गोंधळ आहे, त्यामुळे तू जूनमध्ये येऊ नकोस. मनाची तयारी करून सांगितलं, रडेल म्हणून.

ती म्हणाली, मी कुठे येत होते? आईला इथे कोण बघणार? तू पहिल्यांदा म्हणालास तेव्हाच मी इथल्या शाळेत दहावीची फी भरलीये. मग म्हणाली, बरं, शेवटची तीन का चुकली ते बघायचं का?

म्हणजे उदाहरणं नऊच बरोबर होती हे तिला न सांगताच माहीत.

२५ मे

उन्हाळी पत्रक आलं. या आठवड्यातच माझा शेवटचा दिवस, तोवर घड्या. पहिल्याच पानावर: "मोठ्यांच्या परीक्षेस उदंड प्रतिसाद." खाली फोटो. मोठे साहेब ड्रायव्हरमामांना वही-पेन देताना. मागे कापडी फलक आहे, तो मी धरला होता. फोटोवाला याही वेळी म्हणाला, जरा बाजूला.

चार बोटं दिसतात. फलकाच्या कडेवर.

यात अर्ज नाही. दोन्ही बाजू उलटून, उजेडात धरून पाहिलं. नाही.

एक प्रत आईला पाठवली. गोल केला नाही. ओळखेल.